मैत्रेयाची शंका आणि आपली रुग्णनोंदवही
(वैद्य व औषधालय-मालकांसाठी संख्याशास्त्राची तोंडओळख)

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील दहाव्या, म्हणजे महाचतुष्पाद अध्यायात मैत्रेयाने पुनर्वसु आत्रेयांपुढे एक अवघड शंका मांडली आहे. त्याच्या म्हणण्याचा आशय असा की, उत्तम वैद्य, उत्तम औषध, उत्तम परिचारक लाभूनही काही रुग्ण बरे होतात आणि काही दगावतात. ज्यांना यातील काहीच लाभत नाही, त्यांतीलही काही बरे होतात व काही दगावतात. मग चिकित्सा केली काय आणि न केली काय, फरक तो कोणता? आत्रेयांनी ही शंका उडवून लावली नाही. तिचे सविस्तर उत्तर दिले. जो रुग्ण चिकित्सेवाचून बरा झाला असता, तोही चिकित्सेने लवकर व पूर्णपणे उभा राहतो. पडलेला मनुष्य स्वतः उठू शकत असला तरी हात दिल्यास अधिक सहज उठतो, तसे हे आहे. तसेच सर्वच व्याधी साध्य नसतात, म्हणून साध्यासाध्य विवेक वैद्याने आधी करावा, असा त्या उत्तराचा गाभा आहे.

आपल्यापैकी बहुतेकांनी हा अध्याय विद्यार्थिदशेत परीक्षेपुरता वाचला असेल. आमच्या मते आधुनिक संख्याशास्त्राचा मूळ प्रश्न तेथे स्पष्ट शब्दांत आला आहे. बी.ए.एम.एस.च्या अभ्यासक्रमात आता 'संशोधन पद्धती व वैद्यकीय सांख्यिकी' हा विषय आहे. तथापि दवाखाना थाटल्यानंतर सूत्रे विस्मरणात जातात. प्रस्तुत लेखात सूत्रे टाळून, अमरावती-अकोला भागातील रोजच्या व्यवसायात आकड्यांकडे कसे पाहावे, एवढाच विचार मांडला आहे.

चार खणांची सारणी

मैत्रेयाची शंका कागदावर मांडली तर चार खण होतात : चिकित्सा घेऊन बरे झालेले, चिकित्सा घेऊन बरे न झालेले, चिकित्सा न घेता बरे झालेले आणि चिकित्सा न घेता बरे न झालेले. वैद्याच्या स्मरणात यांपैकी पहिलाच खण ठळकपणे भरलेला असतो. बरा झालेला रुग्ण पेढे घेऊन येतो, शेजाऱ्यालाही पाठवितो. ज्याला गुण आला नाही तो दुसऱ्या दवाखान्यात जातो आणि आपल्याला त्याचा पत्ता लागत नाही. उरलेले दोन खण तर दवाखान्याच्या उंबरठ्यापलीकडेच राहतात.

समजा, प्रतिश्यायाचे ५० रुग्ण आले आणि आठवड्यात त्यांतील ४५ बरे झाले. ९० टक्के यश दिसायला मोठे आहे. परंतु औषध न घेतलेल्या तशाच ५० जणांपैकी ४४ जण आठवड्यात बरे होत असतील, तर औषधाच्या पदरात एकच रुग्ण पडतो. येथे निराश होण्याचे कारण नाही. आत्रेयांचे उत्तर आठवावे. ते लवकर आणि पूर्णपणे उभे राहण्याविषयी बोलतात. तेव्हा 'आठवड्यात बरे झाले काय' हा प्रश्नच येथे अपुरा आहे. नाक मोकळे होण्यास किती दिवस लागले, झोप कितव्या रात्री लागली, मागाहून कास राहिला काय, हे नोंदविले तर औषधाचे खरे काम दिसू शकेल. योग्य माप निवडणे ही आकडेमोडीच्या आधीची पायरी होय.

चिकुनगुनियाचे उदाहरण घेऊ. १९७३ साली बार्शीत साथ आल्यानंतर हा रोग देशातून जणू नाहीसा झाला होता. २००६ साली तो परतला आणि विदर्भातही घरोघरी सांधे धरलेले रुग्ण दिसू लागले. या ज्वराचा वेग सामान्यतः आठवड्याच्या आत स्वतःहूनच उतरतो, संधिशूल मात्र काहींना कित्येक महिने छळतो. म्हणून 'आमच्या काढ्याने पाच दिवसांत ताप गेला' या विधानावरून काढ्याविषयी फारसे कळत नाही. 'तीन महिन्यांनी किती जणांचे सांधे दुखत होते' या प्रश्नातून बरेच कळले असते, पण त्यासाठी तीन महिन्यांनी त्याच रुग्णांना पुन्हा विचारावे लागते.

येथे आणखी एक बाब ध्यानात घ्यावी. आमवाताचा रुग्ण वेदना सर्वाधिक असते त्या दिवशी वैद्याकडे येतो. जो विकार चढ-उतारांचा आहे, त्यात सर्वांत वाईट दिवसानंतरचे दिवस बहुधा थोडे बरेच असतात. ही सुधारणा औषधाविनाही दिसते. पहिल्या भेटीची व दुसऱ्या भेटीची तुलना करून निष्कर्ष काढणे म्हणूनच फसवे ठरते. पहिल्या भेटीत 'गेल्या महिन्यात असे किती दिवस होते' हे विचारून लिहून ठेवल्यास हा दोष पुष्कळसा टळतो.

भाजक कोठे आहे?

वर्तमानपत्रातील आकडा वाचताना त्याच्या खाली कोणती संख्या आहे, हे विचारण्याची सवय लावावी. फेब्रुवारी २०२१ मध्ये कोविडची दुसरी लाट राज्यात प्रथम ठळकपणे दिसली ती अमरावती, अकोला, यवतमाळ या पट्ट्यात. २२ फेब्रुवारीपासून अमरावती व अचलपूर शहरांत आठवडाभराची टाळेबंदी लागली. त्या दिवसांत रोज 'आज इतके बाधित' असा आकडा येई. समजा, एका दिवशी १०० तपासण्यांत २० बाधित सापडले आणि दुसऱ्या दिवशी ४०० तपासण्यांत ४०. आकडा दुप्पट झाला, पण शेकडा प्रमाण २० वरून १० वर आले. याउलट तपासण्या तेवढ्याच राहून बाधित वाढले, तर चिंता खरी. अंश एकटा बोलू लागला की तो घाबरवतो किंवा गाफील ठेवतो.

आपल्या व्यवसायाला ज्याची झळ लागली, ते उदाहरण गुळवेलीचे. २०२१ साली मुंबईतील यकृततज्ज्ञांनी सहा रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात आलेल्या या रुग्णांनी गुळवेल सेवन केली होती आणि त्यांच्या यकृतास इजा झाली होती. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला की, सेवन केलेली वनस्पती खरोखर टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया हीच होती, की टिनोस्पोरा क्रिस्पासारखी तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल होती, याची खातरजमा झालेली नाही. पुढे २०२२ मध्ये देशातील १३ केंद्रांतून ४३ रुग्णांची माहिती प्रसिद्ध झाली. रुग्ण औषधालयात येऊन 'गुळवेल घ्यावी की नाही' असे विचारू लागले. आपल्यातील अनेकांनी त्यावर एकच उत्तर दिले : 'आम्ही वर्षानुवर्षे शेकडो रुग्णांना दिली, कोणाला काही झाले नाही.'

हे उत्तर किती बळकट आहे, ते तपासून पाहू. संख्याशास्त्रात एक सोपा नियम आहे. जितक्या रुग्णांत एखादा उपद्रव एकदाही दिसला नाही, त्या संख्येने ३ ला भागावे. उपद्रवाचे खरे प्रमाण त्या भागाकाराइतके असण्याची शक्यता नाकारता येत नाही. १०० रुग्णांत काहीच झाले नाही, तरी शंभरात तिघांना होण्याची शक्यता उरते. ३०० रुग्णांत काही झाले नाही, तरी शंभरात एकास. हजारो लोकांत एखाद्यास होणारा उपद्रव एका दवाखान्याच्या वहीत दिसणे जवळजवळ अशक्यच. आणि हाही हिशेब, सर्व ३०० रुग्णांची पुढे विचारपूस झाली असेल, तरच लागू पडतो.

मात्र हाच न्याय दुसऱ्या बाजूसही लावावा लागतो. सहा किंवा ४३ रुग्ण हा अंश झाला. त्या काळात गुळवेल घेणारे किती लक्ष लोक होते, हा भाजक त्या वृत्तांतांत नाही. त्यामुळे धोक्याचे प्रमाण त्यावरून ठरविता येत नाही. असे वृत्तांत धोक्याची घंटा वाजवितात, धोका किती हे मोजत नाहीत. घंटा वाजली की ती ऐकावी, नोंद करावी आणि शोध घ्यावा, हा शास्त्रीय मार्ग. 'सहा रुग्णांनी काय सिद्ध होते' म्हणून दुर्लक्ष करणारा वैद्य आणि 'गुळवेल विषारी आहे' असा संदेश पाठविणारा गृहस्थ हे दोघेही भाजक विसरलेले असतात. व्यवहारात एवढे अवश्य करावे : गुळवेल घेणाऱ्या रुग्णास कावीळ, मूत्रास गडद पिवळेपणा, तीव्र अरुची वा थकवा जाणवल्यास औषध तत्काळ थांबवावे, यकृताच्या तपासण्या करून घ्याव्यात आणि औषध-सतर्कता केंद्राकडे नोंद पाठवावी. आयुष औषधांसाठी अशी देशव्यापी यंत्रणा २०१८ पासून कार्यरत असून तिचे राष्ट्रीय समन्वय केंद्र नवी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्वेद संस्थानात आहे.

खारपाणपट्टा आणि मुतखडा

पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा अमरावती, अकोला व बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरला आहे. दर्यापूर, अकोट, तेल्हारा या बाजूच्या वैद्यांकडे मूत्राश्मरीचे व वृक्कविकारांचे रुग्ण नित्य येतात आणि खारे पाणी हेच त्याचे कारण, असे गावोगाव मानले जाते. ही समजूत खरी असू शकेल. परंतु दवाखान्यात बसून ती सिद्ध होत नाही. ज्या वैद्याची मुतखड्यासाठी ख्याती झाली, त्याच्याकडे मुतखड्याचेच रुग्ण येणार, हे एक. दुसरे असे की, त्याच गावांतील माणसे वैशाखाच्या उन्हात शेतात राबतात, घाम पुष्कळ येतो, पाणी खारट म्हणून कमी पितात. मग दोष क्षारांचा, उन्हाचा की कमी पाण्याचा? एकत्र राहणारी कारणे अशी एकमेकांत मिसळतात की नुसत्या निरीक्षणाने ती वेगळी होत नाहीत.

अशा वेळी काय करावे, याचा धडा १८५४ साली लंडनमध्ये डॉ. जॉन स्नो यांनी घालून दिला. तेथे एकाच वस्तीत, एकाच रस्त्यावर दोन कंपन्यांचे पाणी येत असे. एक कंपनी शहराच्या सांडपाण्याखालून थेम्सचे पाणी उचलत होती, दुसरीने आपली उचल नदीच्या वरच्या अंगास नेली होती. गरीब-श्रीमंत, हवा, घरे सर्व सारखे, फरक केवळ पाण्याचा. सात आठवड्यांच्या पटकीच्या साथीत पहिल्या कंपनीच्या ४०,०४६ घरांत १,२६३ मृत्यू झाले, म्हणजे दर दहा हजार घरांमागे ३१५. दुसरीच्या २६,१०७ घरांत ९८, म्हणजे दहा हजारांमागे ३७. पटकीचा जंतू सर्वमान्य होण्यापूर्वीच पाण्याचा दोष आकड्यांनी उघड केला.

आपल्याकडे अशी तुलना करता येण्याजोगी आहे. वान प्रकल्पाचे पाणी आणणाऱ्या ८४ खेडी योजनेसारख्या योजनांमुळे अकोट-तेल्हारा भागातील काही घरांत गोडे पाणी आले आहे, तर काही घरे आजही विहिरीवर वा कूपनलिकेवर अवलंबून आहेत. शेती, ऊन, आहार एकच, पाणी वेगळे. मूत्राश्मरीच्या प्रत्येक रुग्णाच्या केसपेपरवर 'पिण्याचे पाणी कोणते व किती वर्षांपासून' एवढी एक ओळ त्या भागातील वैद्यांनी लिहिली आणि त्याच गावांतील इतर व्याधींच्या रुग्णांनाही तोच प्रश्न विचारला, तर दोन-तीन वर्षांत पुष्कळ उलगडा होईल. यास यंत्र लागत नाही, अनुदान लागत नाही.

सोडत कशासाठी?

तथापि औषधाची परीक्षा करताना निसर्गाने तुलना आयती मांडून ठेवलेली नसते. ती आपल्याला मांडावी लागते. वऱ्हाडातील शेतकऱ्यास हे समजावून सांगण्याची गरज नाही. कपाशीचे नवे वाण खोल काळ्या जमिनीत लावले आणि जुने मुरमाड वावरात, तर नवे वाण श्रेष्ठ ठरणारच. म्हणून अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठासारख्या संस्थांच्या प्रक्षेत्रांवर वावराचे लहान तुकडे पाडतात, कोणत्या तुकड्यात कोणते वाण हे सोडतीने ठरवितात आणि प्रत्येक वाण अनेक तुकड्यांत पुन्हा पुन्हा लावतात. ही रीत इंग्लंडमधील रॉथमस्टेड येथील शेतीप्रयोगांतून रोनाल्ड फिशर यांनी घडविली.

तीच रीत १९४८ साली वैद्यकात ठळकपणे आली. ब्रॅडफर्ड हिल यांच्या मार्गदर्शनाखाली क्षयाच्या १०७ रुग्णांची सोडतीने विभागणी झाली. स्ट्रेप्टोमायसिन मिळालेल्या ५५ पैकी ४ रुग्ण सहा महिन्यांत दगावले, केवळ अंथरुणावर विश्रांती मिळालेल्या ५२ पैकी १४. मैत्रेयाचे चारही खण येथे भरले गेले. सोडत नसती तर वैद्याने नकळत बलवान रुग्णांना नवे औषध दिले असते आणि यश औषधाचे की रुग्णबलाचे, हे कळले नसते.

आयुर्वेदास ही कसोटी परकी नाही. भारतीय वैद्यकीय अनुसंधान परिषदेने भगंदरावर क्षारसूत्र व शस्त्रकर्म यांची सोडतीने बहुकेंद्री तुलना केली आणि १९९१ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. पूर्ण पाठपुरावा झालेल्या २६५ रुग्णांत क्षारसूत्रानंतर पुनरुद्भव ४ टक्के, तर शस्त्रकर्मानंतर ११ टक्के आढळला. व्रण भरण्यास मात्र क्षारसूत्राने सुमारे ८ आठवडे लागले, शस्त्रकर्माने ४. दोन्ही आकडे रुग्णास सांगणे हे आपले कर्तव्य आहे. केवळ पहिला सांगणे हे अर्धसत्य होय. तसेच '४ विरुद्ध ११' यास 'पुनरुद्भव ६० टक्क्यांहून अधिक घटला' असेही म्हणता येते आणि 'शंभरात सात रुग्णांचा पुनरुद्भव टळला' असेही. दोन्ही विधाने खरी आहेत, परंतु रुग्णास निर्णय घेण्यास दुसरे अधिक उपयोगी पडते.

२०११ साली कोइंबतूरच्या आयुर्वेद वैद्यांनी अमेरिकी तज्ज्ञांच्या सहकार्याने केलेला आमवातसदृश संधिवातावरील प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात ४३ रुग्ण होते व प्रत्येक रुग्णाची औषधे वैद्याने प्रकृतीनुसार निवडली होती. तरीही रुग्ण व परीक्षक या दोघांनाही गट कोणता हे ठाऊक नव्हते. आयुर्वेदीय चिकित्सा आणि मेथोट्रेक्सेट यांचा परिणाम साधारण सारखा दिसला. प्रयोग लहान व प्राथमिक असल्याने अंतिम निर्णय त्यावरून देता येत नाही. परंतु 'प्रत्येक रुग्णाची चिकित्सा वेगळी, म्हणून आयुर्वेदाची अशी परीक्षाच होऊ शकत नाही' हा आक्षेप त्याने निकाली काढला.

एक मोजणी म्हणजे मनुष्य नव्हे

सातारा जिल्ह्यातील बुध गावी १९११ साली जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे जागतिक कीर्तीचे संख्याशास्त्रज्ञ. अन्न व कृषी संघटनेच्या संख्याशास्त्र विभागाचे ते अनेक वर्षे संचालक होते. एकाच निरोगी मनुष्याची ऊर्जेची गरज व आहार दिवसागणिक बदलतो, म्हणून एखाद्या दिवशी सरासरीपेक्षा कमी खाल्ले तेवढ्यावरून त्यास कुपोषित म्हणू नये, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्यावर मोठा वाद झाला आणि अनेक अभ्यासकांनी त्यांचे निष्कर्ष अमान्य केले. मात्र मनुष्या-मनुष्यांतील फरक आणि एकाच मनुष्यातील फरक वेगळे मोजावेत, हा त्यांचा आग्रह वैद्यास जवळचा वाटावा. प्रकृती, ऋतू, काल यांनुसार देह बदलतो हे आपण मानतो. मग रक्तदाबाच्या वा साखरेच्या एकाच मोजणीवर औषध वाढविण्याची घाई का करावी?

औषधालयाचा हिशेब

औषधालय-मालकांस सरासरी रोज भेटते. समजा, एखाद्या च्यवनप्राशाचे सहा दिवस चार-चार डबे गेले आणि सातव्या दिवशी एका ग्राहकाने एकदम ६० नेले. सरासरी निघते रोज १२ डबे, प्रत्यक्षात एकाही दिवशी १२ गेले नाहीत. सर्व दिवस चढत्या क्रमाने मांडून मधला आकडा घेतला तर ४ येतो आणि नेहमीच्या मागणीसाठी तोच विश्वसनीय आहे. सरासरीवर माल भरला तर तो मुदत संपेपर्यंत फळीवर राहतो. तसेच गेल्या महिन्याशी तुलना न करता गेल्या वर्षीच्या त्याच ऋतूशी करावी.

दुसरी नोंद अधिक मोलाची. कोणत्या बॅचचे औषध कोणत्या रुग्णास गेले आणि काष्ठौषधी कोणाकडून आली, हे लिहून ठेवावे. गुळवेलीच्या वादात ओळख न पटलेली वेल हाच मुख्य प्रश्न होता. कृषी विद्यापीठाचे नागार्जुन वनौषधी उद्यान अकोल्यातच आहे. शंका असल्यास जाणकारांना दाखवून वनस्पतीची ओळख पक्की करावी.

नोंद कशी असावी?

आम्ही सुचवितो की, प्रत्येक वैद्याने एकच व्याधी निवडावी आणि वर्षभर तिच्या येणाऱ्या प्रत्येक रुग्णाची, निवड न करता, नोंद ठेवावी. सहा गोष्टी पुरेत : व्याधी केव्हापासून, आरंभी एक मोजता येणारे लक्षण (उदाहरणार्थ, सकाळी सांधे आखडण्याची मिनिटे), दिलेले औषध व बॅच, सोबतची इतर औषधे, ठरलेल्या दिवशी तेच लक्षण पुन्हा आणि उपद्रव झाला काय. परत न आलेल्या रुग्णासमोर रकाना कोरा न सोडता 'आला नाही' असे लिहावे व दूरध्वनीने विचारावे. व्याधीचे नाव नमस्ते पोर्टलच्या प्रमाणित परिभाषेत लिहिल्यास दहा वैद्यांच्या वह्या एकत्र जोडता येतील. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणात जानेवारी २०२४ मध्ये आयुर्वेदाच्या व्याधिनामांना स्थान मिळाले आहे, हेही ध्यानात घ्यावे. रुग्णाचे नाव मात्र वहीबाहेर जाऊ देऊ नये.

एका वहीतील ३०० रुग्णांनी शंभरातील एकाचा धोका नाकारता येत नाही. दहा वह्यांतील ३,००० रुग्णांनी हजारातील एकापर्यंत पोहोचता येते. पुढच्या वेळी एखाद्या वनस्पतीवर प्रश्नचिन्ह उभे राहील, तेव्हा रुग्ण प्रथम आपल्याच दवाखान्यात विचारावयास येईल. त्या वेळी अमरावती-अकोल्याच्या वैद्यांजवळ 'आमच्या अनुभवात काही झाले नाही' एवढेच उत्तर असावे, की किती रुग्ण, किती काळ, किती उपद्रव आणि किती परत आले नाहीत हे सांगणारी वही असावी, याचा निर्णय आजच्या ओपीडीत घ्यावयाचा आहे.